वेताळ कुठे गेला? इंद्रजाल कॉमिक्स आणि दुर्मिळतेचं गणित

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास, 'म्हणजे'चा भडिमार आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

ऐरोलीहून, नेहमीसारखंच. लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, आणि जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण आज वाळवी आणि कसर यांच्याबद्दल बरंच बोलायचंय.

आजचा विषय आहे दुर्मिळ कॉमिक्स. हा शब्द ऐकला की आपल्या डोक्यात लगेच अमेरिका येते. सुपरमॅन, बॅटमॅन, काचेसारख्या प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेला अंक आणि त्याखाली कोट्यवधींचा आकडा. आकडा खराही आहे. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा ज्या अंकात आला, त्या 'ॲक्शन कॉमिक्स' अंक १ ची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. आपल्या रुपयांत साधारण ५० कोटी. मूळ किंमत किती? १० सेंट.

पण आज मला तिथे थांबायचं नाहीये. आज आपण बोलणार आहोत मुंबईतच निघालेल्या आणि मराठीतही छापल्या गेलेल्या, तुमच्या-माझ्या आई-बाबांनी, काका-मामांनी वाचलेल्या कॉमिक्सबद्दल. प्रश्न असा की जी गोष्ट गल्लोगल्लीच्या पेपरवाल्याकडे मिळायची, ती आज शोधूनही का सापडत नाही? आणि घरात एखादी सापडलीच, तर तिचं करायचं काय?

आधी अमेरिकेचा धडा, पटकन

'ॲक्शन कॉमिक्स' अंक १ च्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या असं मानतात. आज त्यातल्या शंभरेक उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे दोन हजारांत एक. बाकीच्या गेल्या कुठे? पोरांनी वाचल्या, फाडल्या, एकमेकांना दिल्या. मग दुसरं महायुद्ध आलं आणि अमेरिकेत युद्धासाठी घरोघरी रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या. पोरांनीच देशभक्तीच्या जोशात कॉमिक्सचे गठ्ठे नेऊन दिले. पुढे १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं. आयांनी उरलेसुरले गठ्ठेही बाहेर काढले.

आता दुसरं टोक बघा. १९९१ मध्ये 'एक्स-मेन' नावाची नवी मालिका सुरू झाली. तोवर जुन्या कॉमिक्सच्या किमतींच्या बातम्या सगळीकडे पसरल्या होत्या. लोकांनी हा पहिला अंक 'गुंतवणूक' म्हणून पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पाच वेगवेगळी कव्हरं होती, त्यामुळे पाचही घेतली. ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या, गिनीज बुकात नोंद झाली. आज त्या साध्या अंकाची किंमत? पिझ्झाच्या आसपास. कारण सगळ्यांनीच जपून ठेवला!

हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे. जी वस्तू लोकांना मौल्यवान वाटते ती लोक जपतात, म्हणून ती दुर्मिळ होत नाही. जी वस्तू फालतू वाटते ती फेकतात, आणि तीच चाळीस वर्षांनी मिळत नाही. दुर्मिळतेची सुरुवात दुर्लक्षातून होते.

आता आपल्या मुंबईत

मार्च १९६४. बेनेट, कोलमन आणि कंपनी, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाले, 'इंद्रजाल कॉमिक्स' नावाची मालिका सुरू करतात. पहिल्या अंकात ली फॉक यांचा फँटम. फँटमची मूळ चित्रपट्टी अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ पासून सुरू होती आणि आपल्याकडे इंग्रजी वाचणाऱ्यांना तो 'इलस्ट्रेटेड वीकली'मुळे चाळीसच्या दशकापासून माहीत होता. इंद्रजालने तो गल्लीत आणला. एका रुपयाच्या आत, रंगीत, आणि महत्त्वाचं म्हणजे आपल्या भाषांमध्ये.

बंगालीत फँटमचं नाव झालं 'अरण्यदेव'. हिंदीत 'वेताल'. आणि मराठीत आपला 'वेताळ'. हे नाव किती चपखल आहे बघा. मराठी पोराला वेताळ कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. विक्रम-वेताळाच्या गोष्टी घरात होत्या, कोकणात गावोगावी वेताळाची देवळं, पुण्यात अख्खी वेताळ टेकडी. चालता-बोलता भूत, जंगलातलं कवटीचं घर, चारशे वर्षं मरत नाही अशी ख्याती. अमेरिकन लेखकाने कल्पनेतल्या देशासाठी रचलेला हा माणूस मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला.

आणखी एक गंमत. मूळ कथेत वेताळाचा प्रदेश 'बंगाला' आणि त्याचे शत्रू 'सिंग' चाचे. भारतात हे छापलं तर कुणाच्या तरी भावना दुखावणार हे उघड होतं. म्हणून इंद्रजालमध्ये बंगालाचं झालं 'डेंकाली' आणि सिंगचं झालं 'सिंगा'. म्हणजे इंद्रजालचा अंक हा अमेरिकन अंकाची कार्बन कॉपी नाही. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून पानावर नव्याने मांडलेल्या, काही चौकटी गाळलेल्या, नावं बदललेली, फुग्यांमधला मजकूर मराठीत लिहिलेला आणि वरचं रंगीत कव्हर इथेच काढलेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो 'फोर्क' होता. मूळ रेपॉझिटरी अमेरिकेत आजही सुखरूप आहे. फँटमचे जुने संग्रह तिकडे पुन्हा पुन्हा छापले जातात. पण हा मराठी फोर्क फक्त त्या कागदावर आहे. तो गेला की गेला.

पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे. मग मँड्रेक जादूगार आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी, बझ सॉयर असे बरेच. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालचा स्वतःचा भारतीय नायक आला, 'बहादूर'. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकूचा मुलगा, पण नागरिकांना एकत्र करून डाकूंविरुद्ध उभा राहणारा. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स! सत्तरच्या दशकातल्या कॉलेजकुमारांचा हा अगदी नेमका फोटो.

आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, पुढे दर आठवड्याला अंक येत गेला. १९९० मध्ये मालिका बंद झाली तोवर इंग्रजीत ८०३ अंक निघाले होते, त्यातले निम्म्याहून जास्त वेताळाचे.

जे अंक कुणालाच सापडत नाहीत

संग्राहकांचा एक आवडता किस्सा सांगतो. इंद्रजालची यादी घेऊन बसलात तर १२२ नंतर एकदम १२५ दिसतो. १२३ आणि १२४ कुठे आहेत? नवीन माणूस वेड्यासारखा शोधतो. रद्दीवाल्यांना सांगून ठेवतो, जास्त पैसे देईन म्हणतो.

ते दोन अंक निघालेच नाहीत. टाइम्समध्ये तेव्हा कामगारांचा संप होता, छपाई बंद. क्रमांक पुढे सरकले, अंक नाहीत. आपण डेटाबेसमध्ये बघतो ना, आयडी १२२ नंतर थेट १२५? रेकॉर्ड डिलीट झालेलं नसतं, ट्रान्झॅक्शनच पूर्ण झालेलं नसतं. तसं.

हा किस्सा मी गंमत म्हणून सांगत नाहीये. यातून एक कामाची गोष्ट निघते. कुणी तुम्हाला म्हणालं, 'माझ्याकडे इंद्रजालचा पूर्ण सेट आहे, एकही क्रमांक सुटलेला नाही', तर पहिला प्रश्न विचारा, १२३ आहे का? 'हो' म्हणाला तर नमस्कार करून निघा.

अमर चित्र कथा: गोष्ट मिळते, अंक मिळत नाही

इंद्रजालच्या सुरुवातीच्या दिवसांत टाइम्समध्ये एक तरुण काम करत होता, अनंत पै. पुढे टिंकलमुळे देशभरातल्या पोरांचे 'अंकल पै' झाले ते. १९६७ मध्ये दिल्लीला त्यांनी टीव्हीवर एक प्रश्नमंजुषा बघितली. मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. ही आठवण ते स्वतः सांगायचे. त्यातून इंडिया बुक हाउसच्या साथीने अमर चित्र कथा उभी राहिली.

आता कोडं ऐका. अमर चित्र कथेचा गाजलेला पहिला अंक 'कृष्ण'. पण त्याचा जुना क्रमांक १ नाही, ११ आहे. का? कारण पहिले दहा अंक कृष्णाच्या आधी निघाले होते, आणि ते होते कन्नडमध्ये छापलेल्या परदेशी परीकथा. सिंड्रेला, स्नो व्हाइट वगैरे. ज्या मालिकेची ओळखच 'आपल्या मातीतल्या गोष्टी' अशी आहे, तिची सुरुवात सिंड्रेलापासून! हे दहा अंक पुढे बाजूलाच पडले. मालिकेची ओळख ठरली कृष्णापासून, तेव्हा त्या परीकथा पुन्हा कोण कशाला छापणार? म्हणून मालिकेतले सगळ्यात जुने अंक हेच सगळ्यात अनोळखी.

'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकर यांची. सुपंडीही त्यांनीच काढला. अमर चित्र कथेच्या चित्रकारांची यादी वाचली तर महाराष्ट्र किती आहे बघा: राम वाईरकर, दिलीप कदम, पुण्याचे प्रताप मुळीक. मुळीकांनी पुढे राज कॉमिक्सच्या नागराजचीही चित्रं काढली. म्हणजे दिल्लीचा हिंदी सुपरहिरो, पण त्याच्यामागे पुण्याचा हात. आपण मराठी कॉमिक्स नाहीत म्हणून रडतो, पण भारतातली निम्मी लहानपणं मराठी चित्रकारांनी रंगवलीयत. माझ्या मते ही गोष्ट शाळेत सांगायला हवी.

मुद्द्यावर येऊ. अमर चित्र कथा आणि इंद्रजाल यांच्या दुर्मिळतेत एक मूलभूत फरक आहे.

अमर चित्र कथा हे पुस्तक होतं. खपलं की पुन्हा छापायचं. प्रकाशकांच्या सांगण्यानुसार आजवर १० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. 'शिवाजी' किंवा 'तानाजी' तुम्हाला आज दुकानात मिळेल, ॲपवरही मिळेल. त्यामुळे 'आजोबांच्या काळातलं अमर चित्र कथा, दुर्मिळ!' असं कुणी म्हणालं तर थांबा. ती पहिली आवृत्ती आहे की पंधरावी? पुनर्मुद्रणात कव्हर बहुतेक वेळा तेच असतं. मग बघायचं काय? छापील किंमत. आतल्या आणि मागच्या पानांवरच्या जाहिराती. मालिकेतल्या इतर अंकांची यादी कुठे संपते ते. यादीत ८० नावं असतील तर ती प्रत अकराव्या अंकाच्या वेळची असूच शकत नाही. आणि क्रमांक: पुढे नवीन क्रमांकपद्धत आली तेव्हा 'कृष्ण' ११ चा ५०१ झाला. म्हणजे कव्हरवर ५०१ दिसला तर ती प्रत नंतरची, चर्चा संपली.

इंद्रजाल मात्र नियतकालिक होतं. पेपरसारखं. या आठवड्याचा अंक या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात पुढचा. उरलेल्या प्रतींचं पुस्तक होत नाही, रद्दी होते. म्हणून अमर चित्र कथेची गोष्ट कधीच दुर्मिळ होत नाही, फक्त पहिली छपाई दुर्मिळ होते. इंद्रजालच्या बाबतीत अंकाबरोबर त्यातली मराठीही जाते.

थोडं गणित, घाबरू नका

समजा एखाद्या अंकाच्या १ लाख प्रती छापल्या. हा आकडा मी फक्त हिशोबासाठी घेतलाय. आता समजा दरवर्षी शिल्लक प्रतींपैकी १० टक्के नष्ट होतात. चाळीस वर्षांनी किती उरतील? साधारण १,४८०. ठीक आहे, शोधल्या तर मिळतील.

आता तेच प्रमाण २० टक्के करा. फक्त दुप्पट. चाळीस वर्षांनी उरतील १३.

तेरा! १,४८० कुठे आणि १३ कुठे. चक्रवाढ व्याजासारखीच ही चक्रवाढ घट आहे. म्हणून दुर्मिळता ठरवताना 'किती छापले' या प्रश्नापेक्षा 'दरवर्षी किती मेले' हा प्रश्न मोठा. आणि महाराष्ट्रात कॉमिक्स मरायची कारणं भरपूर.

एक, कागद. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यात लिग्निन नावाचा घटक राहतो. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं आणि पान ठिसूळ होतं. कागद स्वतःच स्वतःला खातो म्हणा ना. आणि त्या काळी चांगला कागद सहज मिळतही नव्हता. वर्तमानपत्रांच्या कागदावर सरकारी कोटा होता. याच बेनेट, कोलमन कंपनीने त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात केस लढवली आणि १९७२ मध्ये जिंकली. कायदा शिकणाऱ्यांना ती केस वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी पाठ असते.

दोन, आपली हवा. चार महिने पाऊस, खाडीचा दमटपणा. पिना गंजतात, गंज पानात उतरतो, मधलं पान सुटतं. कसर लागते. माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी. आणि पूर आला तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईत तळमजल्यांवरच्या किती ट्रंका भिजल्या असतील! माणसं वाचवायची धावपळ होती, कॉमिक्सचा विचार कोण करणार, आणि का करावा?

तीन, वाचनालयं. ही कॉमिक्स सगळेच विकत घेत नसत. गल्लीतल्या लायब्ररीतून भाड्याने आणायची. एक अंक कितीतरी हातांतून जायचा. टिकावा म्हणून लायब्ररीवाला चार-पाच अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठा लावायचा, मूळ कव्हर कापून टाकायचा किंवा त्यावर रबरी शिक्का मारायचा. गंमत बघा, या बाइंडिंगमुळेच बरेच अंक आज जिवंत आहेत, आणि याच बाइंडिंगमुळे संग्राहकाच्या बाजारात त्यांची किंमत पडते.

चार, रद्दी. आपली रद्दीची साखळी जगात भारी आहे. कागद घरात साठूच देत नाही. पर्यावरणासाठी उत्तम, इतिहासासाठी भयंकर. अमेरिकेत मोठी घरं, तळघरं, पोटमाळे. तिथे खोकं सत्तर वर्षं पडून राहू शकतं. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असताना वेताळाला जागा कुठून द्यायची?

आणि पाच, घर बदलणं. हे आमच्या ऐरोलीला थेट लागू आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीच्या या बाजूला नोड उभे राहिले, आणि मुंबईतल्या चाळींमधून कुटुंबं इकडे आली. आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या घरांची मुळं गिरगाव, दादर, परळ नाहीतर कोकणात. ज्या दिवशी टेम्पो भरला, त्या दिवशी निर्णय झाले. भांडी येणार, देव येणार, शिलाई मशीन येणार. कॉमिक्सचा गठ्ठा? 'अहो, मुलं मोठी झाली आता.' दर वर्षाचे २० टक्के वगैरे सोडा, एका दिवसात १०० टक्के. आता नवी मुंबईतल्या जुन्या सिडको इमारतींचं रीडेव्हलपमेंट सुरू आहे. म्हणजे दुसरा टेम्पो भरायची वेळ आलीये. पहिल्या टेम्पोतून जे वाचलं, ते या टेम्पोत जाऊ शकतं. हा एपिसोड आत्ता करायचं खरं कारण हेच.

मराठी अंक जास्त कठीण का?

प्रत्येक भाषेतली आवृत्ती ही वेगळी छपाई. इंग्रजी अंक चेन्नईत, दिल्लीत, कोलकात्यात, कुठेही सापडू शकतो, कारण तो देशभर गेला. मराठी अंक जाऊन जाऊन जाणार कुठे? मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, फार तर बेळगाव, इंदूर, बडोदा. जगलाच तर इथल्याच कुणाच्या तरी घरात जगणार.

दुसरं कारण मागणीचं आहे, आणि ते जरा बोचतं. वस्तू नुसती कमी असून महाग होत नाही. ती हवी असणारी माणसं लागतात. ज्यांच्याकडे आज संग्रहावर खर्च करायला पैसे आहेत, त्यांच्यातले बरेच जण इंग्रजी अंक गोळा करतात. मग विक्रेताही इंग्रजी गठ्ठा बाजूला काढून ठेवतो आणि मराठी गठ्ठा किलोवर देतो. म्हणजे मराठी अंकाची किंमत कमी, म्हणून तो कुणी वाचवत नाही, म्हणून तो आणखी कमी होतो. 'एक्स-मेन'चा उलटा खेळ.

मी स्वतः हे बघितलंय. एका ऑनलाइन विक्रेत्याला मराठी वेताळ आहेत का विचारलं, तर उत्तर आलं, 'सर, रिजनल ठेवत नाही, मूव्ह होत नाही.' मूव्ह होत नाही! मुंबईत छापलेला अंक, मुंबईतल्याच भाषेत, आणि मुंबईतच 'रिजनल'.

कुणी म्हणेल, सरकारी लायब्ररीत असेल की. बरोबर आहे, कायदा आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यात मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, फोर्टमधल्या त्या पायऱ्यांच्या टाउन हॉलमधलं. १९५६ मध्ये त्यात नियतकालिकंही आली. संशोधन करायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी. पण कॉमिक म्हणजे वाङ्मय नव्हे, हा समज इतका पक्का होता की यावर विसंबून घरातला गठ्ठा फेकणं मला पटत नाही. बॅकअप आहे असं गृहीत धरून ओरिजिनल डिलीट करणाऱ्या माणसाचं काय होतं, हे आयटीत कुणालाही विचारा.

किंमत कशावर ठरते, आणि फसायचं कसं नाही

तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचलं असेल, 'जुनी कॉमिक्स लाखांत!' शांत व्हा. बहुतेक जुनी कॉमिक्स लाखांत जात नाहीत. चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: प्रती थोड्या उरलेल्या असणं, हवी असणारी माणसं असणं, अंकाला काहीतरी महत्त्व असणं, म्हणजे पहिला अंक, एखाद्या नायकाचं पहिलं दर्शन वगैरे, आणि अवस्था. अमेरिकेत अवस्थेला ०.५ ते १० असे गुण देणाऱ्या कंपन्याच आहेत, त्या अंक सीलबंद करून देतात. एकाच अंकाच्या ३ गुणांच्या आणि ९ गुणांच्या प्रतीत कितीतरी पट फरक पडतो.

विकत घेताना एवढं बघा. कव्हर मूळ आहे की रंगीत झेरॉक्स? झेरॉक्सचा कागद सपाट चकाकतो, आणि त्याला आतल्या पानांइतकं वय दिसत नाही. पानं मोजा, मधलं पान आहे का बघा. पिना मूळ आहेत का? कागद पिवळा आणि पिना चकचकीत, तर कुणीतरी उघडून पुन्हा जोडलंय. त्यात गैर काही नाही, पण सांगायला हवं. ऑनलाइन घेताना कव्हर, आतलं पहिलं पान, मधलं पान आणि मागचं कव्हर असे चार फोटो मागा. जो फोटो द्यायला कुरकुरतो त्याला पैसे देऊ नका. आणि फोनवर नुसतं स्क्रोल करण्यापेक्षा एखादा रविवार माटुंग्याचं किंग्ज सर्कल, फाउंटनचा परिसर, पुण्यात अप्पा बळवंत चौक असा घालवा. जुन्या पुस्तकवाल्याशी दहा मिनिटं बोललात तर माझ्या पूर्ण एपिसोडपेक्षा जास्त शिकाल.

स्कॅनबद्दलही विचाराल. जुन्या कॉमिक्सचे स्कॅन इंटरनेटवर फिरतात हे उघड आहे. पण आपल्याकडे कॉपीराइट साधारणपणे ६० वर्षांचा असतो, आणि पात्रांचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत. त्यामुळे अंक स्कॅन करून सार्वजनिक अपलोड करणं कायद्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर कायदा आपल्या जागी, पण हक्क असलेल्यांनीच मराठी अंक पुन्हा काढले तर विकत घेणारा पहिला माणूस मी असेन. तोवर आपल्याकडचा कागद सांभाळणं तरी आपल्या हातात आहे.

घरात सापडलं तर

सरळ यादी देतो, स्क्रीनशॉट काढा.

सेलोटेप लावू नका. आज चिकटेल, दहा वर्षांनी तपकिरी डाग सोडेल. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही.

लायब्ररीचं बाइंडिंग सोडवू नका. तोही इतिहासच आहे.

कपाटात आडवे ठेवा, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कामी येतात, पण त्या अधूनमधून बदला. डांबराच्या गोळ्या पानांना चिकटवून ठेवू नका.

पहिल्या पानावर 'इयत्ता पाचवी, तुकडी ब' आणि नाव लिहिलेलं असेल तर खोडू नका. बाजारात त्याने किंमत कमी होईल. होऊ दे. तुमच्या बाबांचं पाचवीतलं अक्षर आणखी कुठे मिळणार आहे?

आणि एक यादी करा. फोनमधल्या साध्या स्प्रेडशीटमध्ये: मालिका, भाषा, क्रमांक, तारीख, छापील किंमत, अवस्था. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण मराठी इंद्रजालचे कोणते अंक आज कुणाकुणाकडे आहेत, हे आपल्याला असंच कळणार आहे, घरोघरच्या याद्या जोडून.

शेवटचं. या विकेंडला घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: 'तुम्ही वेताळ वाचायचात का?' आणि रेकॉर्डर चालू ठेवा. अंक कुठून आणायचे, भाडं किती द्यायचे, कोण लपवून ठेवायचं, गठ्ठा शेवटी कुठे गेला. अंक हाती लागेल न लागेल, ही उत्तरं मात्र आज मिळतायत.

तुमच्याकडे मराठी अंक असेल तर कव्हरचा आणि आतल्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. विकण्यासाठी नाही, यादीसाठी. १२३ आणि १२४ चा फोटो पाठवणाऱ्याला माझ्याकडून वडापाव, पण आधी मी तो फोटो झूम करून बघणार!

पुढच्या एपिसोडमध्ये जुन्या रेडिओच्या परवान्यांबद्दल बोलू. हो, रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन्स लागायचं. तोवर काळजी घ्या, आणि टेम्पो भरायच्या आधी माळा एकदा नीट बघा. भेटू.